पाळी थांबताना वजन उचलायला शिका: दप्तरापासून जिमपर्यंत

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट, म्हणजे गावभागात पाणी शिरणार हे उघड होतं आणि आमच्या घरात खालचं सगळं माडीवर न्यायची घाई चालली होती. गव्हाचं पोतं अर्धं होतं, पंचवीसेक किलो असेल. मी वाकले, कसंबसं उचललं आणि तिसऱ्या पायरीवर टेकवलं. तिथून पुढे ते हलेना. तेव्हा मी ४७ वर्षांची, रोज सकाळी आमराईत फेऱ्या मारणारी, 'फिट आहेस हं' असं लोक म्हणायचे त्यातली. शेजारच्या अक्का सत्तरीच्या, जन्म शेतात गेलेला. त्यांनी मला बाजूला सारलं. "अशी पाठीतनं उचलू नगंस. बस की खाली. पोटाशी धर अन् मग ऊठ." आणि त्यांनी ते पोतं जिना चढवलं.

चालण्याने दम वाढतो. ताकद वाढायला वजन उचलावं लागतं. हे त्या दिवशी कळलं, पण वळायला आणखी दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत पाळी अनियमित झाली, रात्री मानेपासून वर वाफा यायला लागल्या, गुडघे कुरकुरायला लागले आणि वजनकाट्यावर तोच आकडा असूनही ब्लाउज घट्ट व्हायला लागले. हा लेख त्या काळातल्या बाईसाठी आहे, जिने आजवर डंबेल हातात धरलेला नाही आणि जिम म्हटलं की जिला भाच्याचे फोटो आठवतात.

आधी आपण कुठे आहोत ते बघा

सलग १२ महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला असं धरतात. आपल्याकडे हे साधारण ४६-४७ व्या वर्षाच्या आसपास होतं. त्याआधीची काही वर्षं पाळी पुढे-मागे होते, कधी दोन महिने गायब तर कधी पंधरा दिवसांत पुन्हा. व्यायाम सुरू करायला हीच वर्षं सगळ्यांत चांगली, कारण हाडांची मोठी झीज पाळी थांबण्याच्या आगेमागे आणि पुढच्या काही वर्षांत होते. हाड रोज थोडं खरवडलं जातं आणि थोडं भरलं जातं. इस्ट्रोजेन हे बाईच्या अंगातलं हार्मोन या खरवडण्याला आवर घालतं. ते कमी झालं की खरवडणं जोरात आणि भरणं मागे, असा हिशेब सुरू होतो. स्नायू तर तिशीपासूनच हळूहळू उतरत असतात.

आपल्या भागात अनेकींची पिशवी काढलेली असते. नुसती पिशवी काढली असेल आणि अंडाशय ठेवले असतील तर पाळी बंद झाली तरी मेनोपॉज लगेच येत नाही. दोन्ही अंडाशय काढले असतील तर तो त्याच दिवशी येतो, मग वय ३८ का असेना. अशा बाईने हाडांकडे दहा वर्षं आधीच लक्ष द्यायला हवं. तुमचं नक्की काय काढलं ते माहीत नसेल तर जुना डिस्चार्ज कागद शोधा. मी चार मैत्रिणींना विचारलं, तिघींना सांगता आलं नाही.

सुरू करण्यापूर्वी एकदा डॉक्टरांकडे जा. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, कोलेस्टेरॉल, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ एवढं बघून घ्या. मेनोपॉजनंतर कोलेस्टेरॉल वाढतं, आणि थकव्याचं खापर वयावर फोडलं जातं तेव्हा खरं कारण बऱ्याचदा थायरॉइड किंवा हिमोग्लोबिन असतं. आईचं कंबरेचं हाड मोडलं असेल, तुमची पाळी पंचेचाळिशीच्या आत थांबली असेल किंवा बरीच वर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करावी का, ते विचारा. तिच्या रिपोर्टवर टी-स्कोअर असतो. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ म्हणजे हाडं विरळ व्हायला लागली आणि उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. केवळ टाचेवर यंत्र ठेवून जी फुकट शिबिरातली तपासणी होते, तिला डेक्सा समजू नका.

आणि हे न लाजता सांगा: शिंकताना लघवी होते का, अंग खाली उतरल्यासारखं वाटतं का. अंग बाहेर येत असेल तर जड वजनाला हात लावण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, एक डाग जरी, तर व्यायाम-बियाम बाजूला ठेवून त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. 'जाताजाता आली असेल' म्हणून घरी बसण्याची ती गोष्ट नाही.

घरच्या घरी एक चाचणी

हात न टेकवता बसता येईल अशी साधी खुर्ची घ्या, भिंतीला लावा म्हणजे सरकणार नाही. हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईच्या १२ पेक्षा कमी होत असतील तर तिचे पाय कमकुवत धरतात. माझ्या ४९ व्या वर्षी ११ झाल्या होत्या. तारीख टाकून आकडा लिहून ठेवा. वजनकाट्यापेक्षा हा आकडा जास्त खरं बोलतो.

पहिला महिना: खुर्ची, भिंत आणि दप्तर

'घरात दिवसभर कामच असतं की, वेगळा व्यायाम कशाला?' हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. काम असतं, खरं आहे. पण पाण्याची कळशी काल जेवढी होती तेवढीच आज असते. शरीर तिला सरावतं आणि त्यापुढे वाढायचं सोडून देतं. स्नायू आणि हाड दोन्हीला दर थोड्या दिवसांनी कालच्यापेक्षा जरा जास्त ओझं लागतं. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ती ही.

साहित्य: खुर्ची, भिंत आणि मुलाचं जुनं दप्तर. दप्तरात एक-एक किलोच्या साखरेच्या किंवा मिठाच्या पुड्या. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये दोन दिवस तरी सोडून. मी मंगळवार-शुक्रवार धरले. वेळ अर्धा-पाऊण तास. आधी पाच मिनिटं घरातच चालायचं, खांदे फिरवायचे.

खुर्चीतून उठ-बस. पाय खांद्याएवढे लांब, बसताना तीन मोजत सावकाश, खुर्चीला जेमतेम टेकलं की उठायचं. गुडघे आत पडू देऊ नका. १० वेळा, मग मिनिट-दीड मिनिट दम, पुन्हा १०. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवा. बहुतेक गुडघ्यांना एवढं चालतं.

भिंतीवरच्या जोर. भिंतीपासून दोन पावलं मागे, तळवे छातीच्या उंचीवर, अंग काठीसारखं ताठ ठेवून छाती भिंतीकडे न्या आणि ढकला. सोपं झालं की ओट्यावर हात टेकून, मग खाटेच्या कडेवर. जमिनीवरची जोर यायला मला १४ महिने लागले, घाई करू नका.

कमरेतून वाकणं. अक्का पायऱ्यांवर सांगत होत्या ते हेच, आणि हे शिकायला सगळ्यांत जास्त वेळ द्या. भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभ्या राहा. गुडघे किंचित सैल. आता पाठ न वाकवता बसायचा भाग मागे नेऊन भिंतीला लावा, जसं हात भरलेले असताना आपण दार मागून ढकलून लावतो. छाती आपोआप पुढे झुकते, मांडीची मागची बाजू ताणली जाते. तिथून पुन्हा ताठ उभं राहायचं, ढुंगण आवळून. जमलं की आणखी वीतभर पुढे सरका. पाठीचा कणा सरळ आहे ना हे बघायला मी सुरुवातीला लाटणं पाठीवर धरायचे: डोक्याचा मागचा भाग, खांद्यांमधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी लाटण्यापेक्षा मोठी काठी लागते, हे पहिल्याच दिवशी कळलं. मग झाडूचा दांडा घेतला. तिन्ही ठिकाणी दांडा टेकलेला राहिला पाहिजे. एक सुटलं की पाठ वाकली. दोन आठवडे नुसतं हे करा, मग दप्तर दोन्ही हातांनी मांड्यांजवळ धरून. तेच पुढे जिममध्ये डेडलिफ्ट होतं. कुकर, बादली, नातू, गॅस सिलिंडर सगळं यातच येतं. घरचा भरलेला सिलिंडर तिसेक किलो असतो, त्यात १४.२ किलो नुसता गॅस.

दप्तर ओढणं. एक हात खुर्चीच्या पाठीवर, कमरेतून पुढे झुकून दुसऱ्या हाताने दप्तर बरगडीपर्यंत वर ओढायचं. कोपर मागे गेलं पाहिजे. दोन्हीकडे १०-१०.

आणि पिशव्या घेऊन चालणं. दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या भाजीच्या पिशव्या, खांदे खाली, मान ताठ, माजघरातून अंगणात आणि परत. ३० सेकंद. हाताची पकड म्हातारपणी फार उपयोगी पडते आणि ती यातून येते.

यानंतर ओटा धरून टाचा उचलणं १५ वेळा. दात घासताना एका पायावर उभं राहणं, उजवा मग डावा, बोट बेसिनवर. तोल हाही शिकावा लागतो. हाड ठिसूळ असलं तरी आपण पडलो नाही तर कंबरेचं किंवा मनगटाचं हाड बहुधा मोडत नाही.

जोर लावताना श्वास सोडायचा, धरून ठेवायचा नाही. श्वास कोंडला की रक्तदाब चढतो आणि खाली ओटीपोटावर दाब येतो. उचलण्याच्या क्षणी लघवी रोखल्यासारखं आतून वर खेचायचं. लघवी करत असताना मात्र याचा सराव करू नका.

डेक्सामध्ये ऑस्टिओपोरोसिस आलेलं असेल तर पोटाच्या उठाबशा, पाठ गोल करून पुढे वाकणं आणि झटक्याने कंबर पिळणं टाळा. योगाच्या वर्गात पश्चिमोत्तानासन, हलासन चालू असलं तर शिक्षकांना रिपोर्ट दाखवा. योग मी सोडलेला नाही. तोल, लवचिकपणा, झोप यांसाठी तो उत्तम. पण त्यात ओझं फक्त आपल्या अंगाचं, आणि ते वाढवत नेता येत नाही (वाढलं तर आपल्यालाच नको असतं).

वजन कधी वाढवायचं

१० ची संख्या १२ वर न्या. दोन्ही फेऱ्यांत १२ नीट झाले, आणि 'अजून दोन झाले असते' असं लागोपाठ दोन दिवस वाटलं, की दप्तरात एक पुडी वाढवा आणि संख्या पुन्हा ८ वर आणा. एवढाच नियम. वहीत लिहा: तारीख, व्यायाम, किलो, किती वेळा. माझी वही किराणाच्या हिशेबाचीच आहे, मागच्या पानापासून सुरू केलेली.

'अजून दहा झाले असते' असं वाटत असेल तर वजन फार हलकं आहे. बायका इथेच अडकतात. गुलाबी रंगाचे एक किलोचे डंबेल आणतात आणि चार वर्षं तेच फिरवत बसतात. नातवंडाचं दप्तर त्याहून जड असतं. दप्तरात आठ-दहा पुड्या झाल्या, शिवण उसवायला लागली, की लोखंडी प्लेट आणि दांडे घ्या. ते किलोच्या भावाने मिळतात, आणि जुने घेतले तरी काही बिघडत नाही. लोखंड शिळं होत नाही.

बॉडी होईल का? नाही. पुरुषांसारखे दंड फुगायला जे टेस्टोस्टेरॉन लागतं ते बाईच्या अंगात फार कमी. माझ्या अंगात चार वर्षांत जो फरक पडला तो बरणीचं झाकण उघडताना दिसतो.

जिमला जायचं ठरलं तर

माझा पहिला अनुभव वाईट होता. नाव सांगत नाही. ट्रेनरने पहिल्याच दिवशी ४५ मिनिटं ट्रेडमिलवर चालवलं, रात्री फक्त सूप प्यायला सांगितलं. "वजनच कमी करायचंय ना काकू?" मी तसं म्हटलंच नव्हतं. दोन महिन्यांत चार किलो उतरले आणि जिना चढताना मांड्या थरथरायला लागल्या. कमी खाऊन आणि नुसतं पळून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि या वयात गेलेला स्नायू परत मिळवणं जिकिरीचं काम.

म्हणून आधी एक दिवस नुसतं बघायला जा. ट्रेनरला तीन गोष्टी स्पष्ट सांगा: माझी पाळी थांबलेली आहे किंवा थांबते आहे, मला ताकद वाढवायची आहे, आणि मला स्क्वॉट (उठ-बस), डेडलिफ्ट (कमरेतून वाकणं), रोइंग (ओढणं), प्रेस (वजन ढकलणं) शिकवा. तो तुमच्या गुडघ्याबद्दल, रक्तदाबाबद्दल, ऑपरेशनबद्दल विचारतो का बघा. न विचारता थेट पावडरचा डबा दाखवायला लागला तर दुसरी जिम शोधा. दुपारी ११ ते ४ मध्ये बऱ्याच जिम रिकाम्या असतात, आणि तिथे पंख्याखालची जागा मिळते. वाफा येणाऱ्या बाईला पंख्याची जागा फार मोलाची.

सांगली तशी वजन उचलणाऱ्यांचं गाव. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्यपदक मिळवणारा संकेत सरगर इथलाच, आणि त्याच वर्षी खेलो इंडिया स्पर्धेत ४० किलो गटात सुवर्ण घेणारी काजोल ही त्याची धाकटी बहीण. इथे शाळकरी मुली बार डोक्यावर नेतात आणि त्यांच्या आयांना मात्र सगळं घर सांगतं, जड उचलू नकोस. मला याची गंमतही वाटते आणि रागही येतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात पाळी थांबलेल्या, हाडं विरळ झालेल्या बायकांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा अर्धा तास, खरोखर जड वजनं उचलली. त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता वाढली. पण तिथे शेजारी जाणकार उभा होता आणि सुरुवातीला हलक्या वजनावर पद्धत शिकवलेली होती. ते विसरून थेट ५० किलोला हात घालू नका.

जिम परवडत नसेल, घरातून निघणं जमत नसेल तर दप्तर आणि प्लेट्सवर वर्षभर आरामात निघतं. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणंही एवढंच आहे: आठवड्यात दीडशे मिनिटं भरभर चालणं आणि निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. आमराईच्या फेऱ्या बंद करायच्या नाहीत.

आता ताट

ताकदीच्या व्यायामाला प्रथिनं लागतात आणि आपल्या ताटात तीच कमी. साध्या निरोगी माणसाला भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या हिशेबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतात. या वयात, व्यायाम करताना, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम धरावीत. ६० किलोच्या बाईला ६० ते ७२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील.

मी एक दिवस स्वतःचं ताट मोजलं. सकाळी चहा-बिस्किट आणि पोहे, ५-६ ग्रॅम. दुपारी दोन चपात्या, वांग्याची भाजी, आमटी-भात, १३-१४. संध्याकाळी चहाबरोबर भडंग, ३-४. रात्री भाकरी, पिठलं, थोडा भात, ११-१२. बेरीज जेमतेम ३५. आणि मी स्वतःला चांगलं खाणारी समजत होते.

आमटीची वाटी हा मोठा भ्रम आहे. पातळ आमटीच्या वाटीत डाळ असते पंधरा-वीस ग्रॅम, म्हणजे प्रथिनं चारच्या आसपास. त्यातही शेवटी जेवायला बसणारीच्या वाटीत वरचं पाणी येतं. डाळ सगळी तळाशी, ती आधीच्यांना वाढून झालेली. मी एक बदल केला: स्वयंपाक झाल्या झाल्या माझी उसळीची वाटी बाजूला काढून झाकून ठेवते. सासूबाईंनी पहिल्या दिवशी बघितलं, काही बोलल्या नाहीत. आठवड्याने म्हणाल्या, "माझी पण काढत जा."

आता काय वाढवायचं. दोन उकडलेली अंडी, १२-१३ ग्रॅम. अंडी खात नसाल तर दोन मुगाची धिरडी आणि दही. घट्ट मटकीची उसळ, कोरडी मटकी ४० ग्रॅम धरली तर ९ ग्रॅम. दीडशे ग्रॅम दही, ५. फुटाणे मूठभर, ३० ग्रॅम, ६. झोपताना कपभर दूध, ६-७. पनीर ५० ग्रॅम, ९. सोयाबीनच्या वड्या कोरड्या ३० ग्रॅम भिजवून भाजीत, तब्बल १५. यातल्या तीन-चार गोष्टी रोजच्या ताटात आल्या की सत्तरचा टप्पा गाठता येतो. सगळं रात्रीवर ढकलू नका, तिन्ही वेळेला वाटून घ्या. शेंगदाणे चांगले, पण त्यात तेल अर्धं असतं. ३० ग्रॅम दाण्यात ७-८ ग्रॅम प्रथिनं आणि पावणेदोनशेच्या आसपास उष्मांक. चटणीपुरते ठीक.

हुलगे आपल्याकडे मागे पडले ते परत आणा. माडगं, शेंगोळ्या. शंभर ग्रॅम हुलग्यात २० च्या वर प्रथिनं आणि कॅल्शियमही भरपूर. शाळूची भाकरी आहेच. तिच्याबरोबर कडधान्य असेल तर दोन्हींची प्रथिनं एकमेकांची उणीव भरून काढतात. मटण-चिकन खाणाऱ्यांनी बुधवार-रविवारचा रस्सा न पिता चार फोडी घ्याव्यात. रश्शात चव असते, प्रथिनं फोडीत.

आणि उपवास. संकष्टी, सोमवार, गुरुवार, चातुर्मास, नवरात्र. मी धरते, गणपतीच्या गावात राहून संकष्टी सोडवत नाही. पण साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ शून्य. उपवासाच्या दिवशी दूध, दही, पनीर, राजगिरा, भगर यांवर भर द्यावा आणि त्या दिवशी जड उचलायचं ठेवू नये. मंगळवारी अंगारकी आली की माझा व्यायाम बुधवारी.

प्रथिनांची पावडर? खाण्यातून जमत नसेल, भूकच लागत नसेल, तर चालेल. पण आधी वाटी भरा, मग डबा उघडा.

कॅल्शियम, ड आणि गोळ्यांचा डबा

पाळी थांबल्यावर रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. कपभर दुधात सव्वादोनशे ते अडीचशे. वाटीभर दह्यात साधारण तेवढंच. मग चमचाभर तिळाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी (पाला झाडालाच वाळतो आणि आपण शेंगा विकत आणतो), हुलगे, नाचणी. दूध-दही चालत असेल तर बरंचसं खाण्यातून भरता येतं. उरलेल्यापुरतीच गोळी, आणि लोहाची गोळी चालू असेल तर तिच्या जोडीने कॅल्शियमची घेऊ नका, ती लोह शोषू देत नाही. सकाळी एक, रात्री एक असं ठेवा. पाळी पूर्ण थांबल्यावर लोहाची गरजही उतरते. जुनी चिठ्ठी दाखवून लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेत राहू नका.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी डॉक्टरांनी आठ आठवडे सांगितली म्हणजे आठच आठवडे. माझी एक जाऊ ती दीड वर्ष दर रविवारी दुधात घालून पीत होती, "फायदाच होईल की" म्हणून. जास्त झालेलं ड अंगात साठतं आणि रक्तातलं कॅल्शियम वाढवून मूत्रपिंडाला त्रास देतं. शाकाहारी बायकांनी आणि साखरेसाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी-१२ वर्षातून एकदा बघावं. हातापायाला मुंग्या येणं हे त्याचंही लक्षण असतं.

वाफांबद्दल: वजन उचलून त्या थांबतीलच असं मी म्हणणार नाही. माझ्या कमी झाल्या नाहीत, झोप मात्र सुधारली. कडक चहा, झणझणीत तिखट यांनी काहींच्या वाफा वाढतात, आपलं आपण टिपून बघावं. त्या असह्य असतील, नोकरी करणं मुश्कील झालं असेल तर हार्मोनच्या उपचाराबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी मोकळेपणाने बोला. प्रत्येकीला तो चालत नाही, पण 'सोसायचंच असतं' हे काही औषध नव्हे.

अंग आंबलं तर

पहिल्या आठवड्यात अंग आंबणारच, दुसऱ्या दिवशी कमी आणि तिसऱ्या दिवशी जास्त. दोन्ही मांड्या सारख्या दुखतात, दाबलं की बरं वाटतं, चाललं की सुटतं: हे चांगलं दुखणं. एकाच सांध्यात सुई टोचल्यासारखी कळ, सूज, पाठीतून पायात उतरणारी मुंगी, छातीत दडपण किंवा चक्कर, यातलं काही झालं की तिथेच थांबायचं आणि दाखवायचं. पाठीत अचानक जोराची कळ आली आणि उंची कमी झाल्यासारखी वाटली तर मणका दबलेला असू शकतो. त्यावर तेल चोळून घेऊ नका, एक्स-रे काढा.

चाळिशी-साठीच्या दरम्यान खांदा आखडण्याचं प्रमाण बायकांत जास्त, मधुमेह असेल तर आणखीच. केस बांधताना, ब्लाउजचे मागचे हूक लावताना हात जात नसेल तर डोक्यावरची वजनं बंद, बाकी सगळं चालू. एक खांदा रुसला म्हणून पायांनी सुट्टी घ्यायचं कारण नाही.

खाडा पडला तर

पडणारच. लग्नसराई, परीक्षा, आजारपण, हळदीचा हंगाम. एक आठवडा गेला तर काही बिघडत नाही, जिथे सोडलं तिथूनच धरा. दोन ते चार आठवडे गेले तर वजन एक-चतुर्थांश कमी करून सुरू करा, दोन आठवड्यांत पूर्वपदावर याल. त्याहून जास्त गेले तर खुर्चीपासून. भरपाई म्हणून एका दिवशी दुप्पट करायचं नाही, त्यानेच पाठ धरते.

या वर्षी गौरी-गणपती, मग पाहुणे, मग माझा ताप असे तीन आठवडे गेले. वहीत शेवटची ओळ होती: कमरेतून वाकणं, २८ किलो, ८-८. परत आल्यावर सात किलोच्या प्लेट काढून बाजूला ठेवल्या आणि मंगळवारी लिहिलं: २१ किलो, ८-८, अजून दोन झाले असते.